नाइफखाली अडणारी पेस्ट : रेक्झिन कोटिंग लाइनवरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यातलं आहे. तिथे रेक्झिन बनतं, म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर चढवलेलं कृत्रिम चामडं. सोफे, बॅगा, स्कूटरच्या सीटा, चपलांचे पट्टे असा माल इथून जातो. कारखान्याची ओळख पटू नये म्हणून रेसिपीतले किरकोळ घटक गाळले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

काम चालतं ते असं. पीव्हीसीचं बारीक पेस्ट रेझिन (म्हणजे पीव्हीसीची पूड), डीओपीसारखं प्लास्टिसायझर (पीव्हीसीला मऊ करणारा द्रव), कॅल्शियम कार्बोनेटचा फिलर (स्वस्त भरावाची पूड), स्टॅबिलायझर आणि रंग हे सगळं मिक्सरमध्ये घोटून घट्ट पेस्ट करतात. ती रिलीज पेपरवर, म्हणजे थर नंतर सोलता येईल अशा कागदावर, ओततात. कागद पुढे सरकतो, वर एक लांब पोलादी पाती स्थिर असते. तिला सगळे नाइफच म्हणतात. नाइफ आणि कागद यांच्यातल्या फटीतून जेवढी पेस्ट निसटेल तेवढाच थर कागदावर बसतो. हा टॉप कोट. पुढे ओव्हनमध्ये तो पक्का होतो, त्यावर फोम कोट, मग कापड, मग पुन्हा ओव्हन, आणि शेवटी कागद सोलून घेतात. कागदावरची नक्षी मालावर उतरते. रिलीज पेपर महाग असतो आणि तोच अनेकदा फिरवून वापरायचा असतो, त्यामुळे कागद फाटणं हे या धंद्यातलं मोठं दुखणं.

वर्षानुवर्षं टॉप कोटची रेसिपी ठरलेली होती : १०० भाग रेझिन, ६५ भाग डीओपी, २० भाग फिलर, २ भाग स्टॅबिलायझर, सगळं वजनाने. लाइन मिनिटाला १२ मीटर चालायची. मग एका हंगामात तीन गोष्टी बदलल्या. खर्च कमी करायचा म्हणून ऑक्टोबरात फिलर २० वरून ३५ भागांवर नेला. नोव्हेंबरात रेझिनचा पुरवठादार बदलला. डिसेंबरात मोठी ऑर्डर आली म्हणून लाइनचा वेग मिनिटाला २० मीटर केला. तिन्ही निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर झाले. फिलरचा खरेदी विभागात, रेझिनचाही तिथेच पण दुसऱ्या माणसाकडे, आणि वेगाचा उत्पादन विभागात. एकेकटा घेतला तर कुठलाही वावगा नव्हता.

अडचण

वेग वाढवल्यावर पहिल्याच आठवड्यात टॉप कोटवर लांबच्या लांब रेघा उमटू लागल्या. नाइफच्या मागे साचलेल्या पेस्टचा पृष्ठभाग एरवी चकचकीत असतो. तो मधेच कोरडा आणि निस्तेज दिसायचा. नाइफ थरथरायची, खालून पेस्टचे शिंतोडे उडायचे, मोटरचा अँपिअर काटा वर चढायचा. दोनदा कागद फाटला.

प्रयोगशाळेत मात्र सगळं ठीक होतं. प्रत्येक बॅचची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, ब्रुकफील्ड नावाच्या यंत्रावर मोजली जायची. जुन्या बॅचच्या मानाने आकडा थोडा वर होता, पण ठरलेल्या मर्यादेच्या आत. बॅच पास, माल नापास.

पहिला अंदाज आणि पहिला निर्णय

सगळ्यांचा पहिला संशय गाठींवर गेला, आणि तो साहजिकच होता. नवं रेझिन नीट फुटत नाही, गाठी राहतात, त्या फटीत अडकतात आणि रेघ ओढतात, असं हे गणित. म्हणून मिक्सिंगचा वेळ वाढवला आणि गाळणीची जाळी बारीक केली. गाळणीवर काहीच उरलं नाही, आणि रेघा वाढल्या. जास्त घोटल्याने पेस्ट तापत होती. तापलेल्या पेस्टमध्ये प्लास्टिसायझर रेझिनच्या कणांत शिरू लागतं, कण फुगतात आणि पेस्ट म्हातारी होत जाते. म्हणजे उपायच आजार वाढवत होता.

प्रकरण माझ्याकडे आलं ते या टप्प्यावर. माझं काम पेस्ट, स्लरी, शाई असल्या घट्ट द्रवांच्या वाहण्याशी संबंधित आहे. कारखान्यात गेल्यावर सगळ्यात कामाची माहिती नाइफवरच्या ऑपरेटरने दिली : "साहेब, लाइन थांबवली की तीच पेस्ट आपोआप पातळ होते. गाठ असती तर तिथेच बसली असती ना?"

या एका वाक्यात निदान होतं. गाठ ही गाठच राहते, लाइन चालू असो वा बंद. इथे अडथळा दाब असेपर्यंत टिकत होता आणि दाब गेला की विरघळत होता. शिवाय त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी कार्यालयात कोणी गांभीर्याने घेतली नव्हती : सकाळच्या पाळीत त्रास जास्त, दुपारी कमी. सकाळची पेस्ट दुपारच्या मानाने ताजी असते. जुनी होऊन बिघडत असती तर दुपारी जास्त बिघडायला हवी होती.

म्हणून पहिला निर्णय असा झाला : गाठींचा शोध थांबवायचा, मिक्सिंगचा वेळ पूर्ववत करायचा, आणि ही पेस्ट शिअर वाढल्यावर, म्हणजे तिचे थर एकमेकांवरून जास्त वेगाने सरकवल्यावर, घट्ट होते का, हे तपासायचं.

नाइफखाली काय घडत होतं

हिशेब साधा आहे. कागदाचा वेग भागिले फट म्हणजे शिअर दर. टॉप कोटची फट ०.१५ मिलिमीटर. मिनिटाला १२ मीटर म्हणजे सेकंदाला ०.२ मीटर, म्हणून शिअर दर सुमारे १३०० प्रति सेकंद. मिनिटाला २० मीटर केल्यावर तो २२०० च्या पुढे गेला. ब्रुकफील्डची तबकडी पेस्टमध्ये हळू फिरते. तिथला दर एक आकडी, फार तर दोन आकडी. म्हणजे प्रयोगशाळा पेस्टची बसल्या जागची प्रकृती तपासत होती आणि नाइफ तिला धावायला लावत होती.

घट्ट पेस्ट वेगाने ढवळली की अडते, हे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पीव्हीसीच्या पेस्टमध्ये हे घडतं हेही नवं नाही. मोन्सँटो कंपनीतल्या आर. एल. हॉफमन यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं की पीव्हीसीच्या दाट सस्पेंशनची (द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या मिश्रणाची) व्हिस्कॉसिटी एका ठरावीक शिअर दराला अचानक उडी मारते. कण आधी थरांत सरकतात आणि मग ते थर विस्कटतात, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. पुढे ब्रॅडी आणि बॉसिस यांनी द्रवाच्या दाबामुळे कणांचे तात्पुरते पुंजके बनतात अशी मांडणी केली. आज जास्त मान्य असलेलं चित्र २०१३-१४ मधलं आहे : सेतो, मारी, मॉरिस आणि डेन यांची संगणकीय गणितं, आणि वायार्ट व केट्स यांचं मॉडेल. ते समजलं की या कारखान्यातलं कोडं सुटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कणांच्या मधे द्रवाचा पातळ पापुद्रा असतो, आणि पृष्ठभागावरचे रेणू कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. ताण कमी असेल तोवर कण एकमेकांना न घासता निसटतात. ताण एका उंबरठ्यापलीकडे गेला की पापुद्रा फाटतो, कण थेट एकमेकांना भिडतात आणि घर्षण सुरू होतं. घर्षण नसलेले सारख्या आकाराचे गोल कण एकूण आकारमानाच्या सुमारे ६४ टक्के जागा व्यापेपर्यंत वाहू शकतात. घर्षण आलं की तेच कण सुमारे ५६ ते ५८ टक्क्यांवरच जाम होतात. एकाच पेस्टला दोन कमाल मर्यादा असतात, आणि कुठली लागू होणार हे ताण ठरवतो.

आता रेसिपीकडे बघू. वजनाने २० चे ३५ भाग फिलर म्हणजे फार मोठा बदल वाटत नाही. आकारमानात मांडलं तर जुन्या रेसिपीत घन पदार्थ सुमारे ५३.६ टक्के होते, नव्यात ५५.३. फरक दोन टक्क्यांहूनही कमी. पण व्हिस्कॉसिटी मर्यादेपासूनच्या अंतरावर अवलंबून असते. अंतर निम्मं झालं तर व्हिस्कॉसिटी साधारण चौपट होते. सारख्या गोल कणांसाठीचं ढोबळ सूत्र लावलं तर ६४ टक्क्यांच्या मर्यादेला पेस्ट द्रवाच्या सुमारे ३८ पटींवरून ५४ पटींवर जाते, म्हणजे दीडपटीहूनही कमी वाढ. ब्रुकफील्डला दिसली ती हीच. ५८ टक्क्यांच्या मर्यादेला तोच बदल सुमारे १७४ वरून ४६० पटींवर नेतो. नाइफला भेटली ती ही. खऱ्या पेस्टमध्ये कण सारखे नसतात, शिवाय फिलर थोडं प्लास्टिसायझर शोषून घेतो, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. दिशा मात्र पक्की आहे.

सकाळच्या पाळीचंही उत्तर यातच आहे. उंबरठा ताणाचा असतो, वेगाचा नाही. डिसेंबरच्या सकाळी डीओपी थंड आणि जाड असतं, त्यामुळे तोच ताण कमी वेगालाच गाठला जातो. दुपारी पत्रा तापला की पेस्टला थोडी मोकळीक मिळते.

तीन बदलांपैकी कुठला दोषी

व्यवस्थापनाला एक नाव हवं होतं, आणि खरेदी विभाग व उत्पादन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत होते. इथे घाईने जुना पुरवठादार परत आणणं सोपं होतं. आम्ही ते केलं नाही, कारण त्यातून एवढंच कळलं असतं की त्रास गेला, का गेला ते नाही.

चार छोट्या बॅच केल्या : जुनं रेझिन जुना फिलर, जुनं रेझिन वाढीव फिलर, नवं रेझिन जुना फिलर, आणि नवं रेझिन वाढीव फिलर. तपासणीसाठी महागडं यंत्र लागलं नाही. काचेवर ०.१५ मिलिमीटर फटीचा ड्रॉडाउन अॅप्लिकेटर, म्हणजे ठरावीक जाडीचा थर ओढायचं हाताचं साधन, ठेवून पेस्ट एका सेकंदात ३० सेंटिमीटर ओढली की शिअर दर २००० च्या आसपास जातो, म्हणजे लाइनइतकाच. आधी सावकाश ओढायचं, मग झटक्यात.

सावकाश ओढल्यावर चारही पेस्ट गुळगुळीत बसल्या. झटक्यात ओढल्यावर पहिली तशीच राहिली. दुसरी किंचित निस्तेज झाली. तिसरी ठीक. चौथी मात्र मधोमध फाटली आणि अॅप्लिकेटर हातात अडकला. बाहेरच्या प्रयोगशाळेत एक्स्ट्रुजन व्हिस्कोमीटरवर, म्हणजे पेस्ट दाबाने बारीक तोंडातून काढून मोजणाऱ्या यंत्रावर, तोच क्रम आला. प्लास्टिसॉलची, म्हणजे अशा पीव्हीसी पेस्टची, जास्त शिअरवरची व्हिस्कॉसिटी या यंत्राने मोजायची पद्धत एएसटीएम डी १८२३ या चाचणी-मानकात आहे, आणि कमी शिअरची डी १८२४ मध्ये. कारखान्यात फक्त दुसरी वापरात होती.

नव्या रेझिनचा स्वभाव कणांच्या आकारात होता. त्याचे कण एकसारखे होते. लहानमोठे कण मिसळलेले असले की लहान कण मोठ्यांच्या फटीत बसतात आणि जाम होण्याची मर्यादा वर सरकते. एकसारखे कण ही सोय देत नाहीत. एकट्या रेझिनने त्रास दिला नसता, एकट्या फिलरनेही फारसा नाही. दोघांनी मिळून पेस्टला कड्यापाशी नेलं आणि वेगाने ढकललं.

पर्याय

वेग कमी करणं हा पहिला उपाय, आणि तात्पुरता म्हणून तो लगेच केला. लाइन १३ वर आणली, माल पास होऊ लागला, पण ऑर्डरची तारीख हुकणार होती.

डीओपी ५ भाग वाढवलं असतं तर घन पदार्थांचं प्रमाण जवळजवळ जुन्या जागी आलं असतं. हिशेबाने हा सगळ्यात स्वच्छ पर्याय. पण टॉप कोट मऊ पडला असता, सीटच्या गिऱ्हाइकाची कडकपणाची अट मोडली असती, आणि फिलर वाढवून वाचवलेला पैसा प्लास्टिसायझरमध्ये गेला असता. नाकारला.

पांढरं स्पिरिट घालून पातळ करणं काही जण करतात. ते ओव्हनमध्ये उडून जातं. सोबत वास, आगीची भीती आणि थरात बारीक छिद्रं येतात. चर्चाही लांबली नाही.

व्हिस्कॉसिटी कमी करणारं अॅडिटिव्ह हा पुरवठादाराचा आवडता सल्ला होता, आणि इथे सापळा होता. चाचणीत ब्रुकफील्डचा आकडा झकास खाली आला. काचेवर झटक्यात ओढल्यावर पेस्ट तरीही फाटली. अशी अॅडिटिव्हं कणांमधलं सौम्य आकर्षण तोडतात, त्यामुळे बसल्या जागची पेस्ट पातळ होते. ताणाखाली होणारी घर्षणाची गाठभेट त्याने थांबेलच असं नाही. उलट, ते आकर्षण कधी कधी घट्ट होण्याची उडी झाकून ठेवत असतं. ते काढलं की उडी जास्त ठळक दिसते. जुन्या तपासणी पद्धतीवर विसंबलो असतो तर हा उपाय यशस्वी ठरवून लाइनवर पाठवला असता.

मेंटेनन्सच्या इंजिनिअरने नाइफला व्हायब्रेटर लावायचं सुचवलं. कल्पना हसण्यासारखी नाही. आडव्या दिशेने हलवत राहिलं की एकमेकांना रेटणाऱ्या कणांच्या साखळ्या तुटतात आणि पेस्ट पातळ होते, हे २०१६ मध्ये प्रयोगाने दाखवलेलं आहे. पण कोटिंगच्या नाइफवर कंपन म्हणजे मालावर आडव्या लाटा. काँक्रीट असतं तर विचार केला असता.

उरला पर्याय ब्लेंडिंग रेझिनचा. पेस्ट रेझिनचे कण साधारण एक मायक्रॉनच्या आसपास असतात, ब्लेंडिंग रेझिनचे कित्येक पटींनी मोठे, साधारण २० ते ४० मायक्रॉन, आणि टणक. पेस्ट रेझिनपैकी २० भाग काढून त्याजागी हे घातलं की घन पदार्थ तेवढेच राहतात, पण कण नीट बसतात आणि मर्यादा वर जाते. यात एक खोच होती आणि तिच्यावर बराच वाद झाला. मोठ्या कणांना घर्षणात आणायला कमी ताण पुरतो, म्हणजे उंबरठा खाली येतो. मग अडचण आधीच सुरू व्हायला नको का? माझं म्हणणं असं होतं की उंबरठा कुठे आहे यापेक्षा तो ओलांडल्यावर मर्यादा किती दूर उरते, हे या लाइनसाठी महत्त्वाचं आहे. पेस्ट थोडी आधी घट्ट होऊ लागली तरी चालेल, जाम व्हायला नको. हे कागदावर सिद्ध करण्यात अर्थ नव्हता, काचेवर ओढून बघायचं होतं.

दुसरी शंका जास्त व्यवहारी होती : ०.१५ मिलिमीटरच्या फटीत ४० मायक्रॉनचे कण. फट जवळपास चौपट, म्हणजे चालायला हरकत नाही, पण एखादा मोठा कण आला तर खरीखुरी रेघ ओढेल. त्यासाठी बारीक जाळी, जी मघाशी उगाच बसवली होती, ती आता कामाला आली.

काय केलं

फिलर ३५ वरून २५ भागांवर आणला. रेझिनमध्ये ८० भाग नवं पेस्ट रेझिन आणि २० भाग ब्लेंडिंग रेझिन केलं. पुरवठादार तोच ठेवला. घन पदार्थ आकारमानाने सुमारे ५४.२ टक्के झाले, जुन्या रेसिपीपेक्षा किंचित जास्तच. काचेवर झटक्यात ओढल्यावर थर अखंड बसला.

लाइनवर वेग एकदम वाढवला नाही. दर पाळीत थोडा थोडा वाढवत मोटरचा अँपिअर लिहून ठेवला. १८ पर्यंत तो वेगाच्या प्रमाणात चढला. १९ च्या पुढे प्रमाणापेक्षा जास्त चढू लागला, म्हणून तिथेच थांबलो. मालकांना २० हवे होते. अँपिअरचा तक्ता समोर ठेवल्यावर त्यांनी १८ मान्य केले, जरा नाखुशीने.

पेस्टचे पिंप रात्री शटरजवळ उघड्यावर ठेवले जायचे, ते आत हलवले. पेस्ट मुद्दाम तापवली नाही, कारण म्हातारी होण्याचा धोका वेगळाच. थंडीत सकाळची पहिली धाव कमी वेगाने सुरू करायची, असं ठरलं. आणि ब्रुकफील्डच्या आकड्यासोबत प्रत्येक बॅचचा ड्रॉडाउन, सावकाश आणि झटक्यात, रजिस्टरवर चिकटवायला सुरुवात झाली.

निकाल

रेघा थांबल्या, कागद पुन्हा फाटला नाही. ऑर्डर थोडी उशिरा पण गेली. फिलरमधली बचत काही अंशी गमावली. ब्लेंडिंग रेझिन तुलनेने स्वस्त पडल्यामुळे हिशेब तोट्यात गेला नाही.

एक किंमत मात्र मोजावी लागली. ब्लेंडिंग रेझिनमुळे थराची चमक थोडी उतरली. नक्षीदार मालात कुणाच्या लक्षात आलं नाही, पण एका गिऱ्हाइकाचा माल साधा आणि चकचकीत असतो. त्याने तक्रार केली. त्याच्यासाठी आता वेगळी बॅच निघते : ब्लेंडिंग रेझिन नाही, फिलर २०, वेग १३. उत्पादन नियोजनाला हे आवडलेलं नाही, आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

नव्या रेझिनच्या तांत्रिक पत्रकात जास्त शिअरवरची व्हिस्कॉसिटी दिलेली होती. जुन्या रेझिनच्या पत्रकातही होती. दोन्ही शेजारी ठेवली असती तर फरक पाच मिनिटांत दिसला असता. खरेदीच्या तक्त्यात त्या आकड्यासाठी रकानाच नव्हता. आता आहे.

फिलर वाढवताना वजनाचे भाग बघितले, आकारमान नाही. दाट पेस्टमध्ये वजनाची रेसिपी फसवी असते, विशेषतः फिलर जड आणि प्लास्टिसायझर हलकं असताना. मिक्सिंगच्या तक्त्यावर आकारमानाचा एक रकाना वाढवायला काही खर्च नाही.

ऑपरेटरचं निरीक्षण पहिल्याच आठवड्यात लिहून घेतलं गेलं असतं तर गाठींच्या मागे गेलेला वेळ वाचला असता, बहुधा दोनपैकी एक कागदही. पाळी बदलताना तो हे तोंडी सांगत होता. लॉगबुकात फक्त 'रेघा, लाइन बंद' एवढंच उतरत होतं.

फोम कोटची रेसिपी मात्र अजून वाढीव फिलरवरच आहे. तिथे फट ०.४५ मिलिमीटर, त्यामुळे शिअर दर टॉप कोटच्या एक तृतीयांशच पडतो आणि पेस्ट बिनतक्रार वाहते. हलक्या मालासाठी फोमचा थर पातळ करायचा विषय सध्या निघाला आहे. फट कमी करण्याआधी ती पेस्ट काचेवर ओढून बघायची, एवढं मी त्यांना लिहून दिलं आहे.